चाकं टेकली तरी पाय सोडू नकोस

सोलो जवळ आली आणि नेमका विंडसॉक आडवा फडफडायला लागला, म्हणून झोप उडालीये ना तुझी? अगं, क्रॉसविंडची भीती वाटायलाच हवी. फक्त आधी त्या वाऱ्याचा हिशोब करायला शीक.

समज, धावपट्टी २७ आहे आणि वारा २४० अंशांवरून १४ नॉट, झोत २४ पर्यंत. फरक ३० अंशांचा, म्हणजे आडवा वारा निम्मा: एरवी ७, झोतात १२. फरक ४५ अंशांचा असेल तर साधारण ७० टक्के धर, ६० च्या पुढे जवळजवळ सगळाच. सेसना १७२ च्या पुस्तकात १५ नॉटचा आकडा आहे, पण तो चाचणी वैमानिकाने करून दाखवलेला. तुझी मर्यादा तुझे सर ठरवतील तीच, आणि ती बरीच कमी असणार. झोताचा फरक १०, त्याचे निम्मे ५ नॉट अप्रोचच्या वेगात मिळव. ६५ ऐवजी ७०, बस्स. जास्त वेग घेतलास तर विमान खाली बसतच नाही, तरंगत राहतं आणि तेवढा वेळ वारा त्याला बाजूला ढकलतो. फ्लॅपही बेतानेच.

फायनलवर नाक वाऱ्याकडे ठेवून तिरकी ये, पण टेकताना नाक सरळ हवं, नाहीतर चाकांवर आडवा ताण येतो. वारा डावीकडून आहे ना, मग डावा पंख खाली आणि उजवा रडर. पंखाने घसरणं थांबवायचं, पायाने नाक सरळ ठेवायचं. ही दोन कामं डोक्यात पक्की वेगळी ठेव. नजर धावपट्टीच्या पार दुसऱ्या टोकाला. नाकासमोर बघत बसलीस तर घसरण कळतच नाही. डावं चाक आधी टेकेल, मग उजवं, शेवटी पुढचं. एका चाकावर धावताना जीव वरखाली होतो, पण तेच बरोबर आहे. घाबरून पंख सपाट करू नकोस.

नाक सरळ ठेवण्याची ही परीक्षा मी थोडी उंचावरच घेऊन टाकते. पूर्ण रडर देऊनही नाक सेंटरलाइनवर येत नसेल, तर तो वारा आज आपल्यासाठी नाही. थ्रॉटल पूर्ण पुढे, नाक सावरायचं, फ्लॅप टप्प्याटप्प्याने वर आणि निघायचं, म्हणजे गो-अराउंड. फ्लेअरमध्ये झोताने विमान उचललं आणि ते वेडंवाकडं व्हायला लागलं, तरीही हेच. नाक खाली दाबून जबरदस्तीने टेकवायला जाऊ नकोस, पुढचं चाक आपटतं आणि विमान उड्या घेतं. गो-अराउंड केला म्हणून कोण काय म्हणेल, हा विचार कॉकपिटमध्ये नेऊच नकोस गं. इंधन मात्र दोन-तीन फेऱ्या जास्तीच्या होतील आणि दुसरी धावपट्टी गाठता येईल इतकं ठेव.

आणि टेकल्यावर बहुतेक मुली सुटकेचा श्वास सोडतात, तिथेच विमान वाऱ्याकडे वळतं. वेग उतरतो तसा एलेरॉनचा जोर कमी होतो, म्हणून योक वाऱ्याकडे वाढवत न्यायचा, शेवटी पूर्ण डावीकडे. विमान टॅक्सीच्या वेगावर येईपर्यंत पाय रडरवर जागे हवेत.

या आठवड्यात सरांना सांगून मुद्दाम वाऱ्यात दोन-चार सर्किट माग. आणि कुणी न सांगता स्वतःहून पहिला गो-अराउंड केलास की त्याच संध्याकाळी मला फोन कर.