हवाई अंतर आणि पायवाटेचा वेळ

दोन विमानतळांमधील अंतर काढण्यास रस्त्यांचा नकाशा लागत नाही. दोहोंचे अक्षांश-रेखांश पुरेसे होतात. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. रेखांशाचा अंश मात्र ध्रुवाकडे जाताना आखूड होत जातो. पुणे जिल्ह्यात तो सुमारे १०५ किलोमीटर भरतो. या रीतीने पुणे-दिल्ली हवाई अंतर सुमारे १,१५० किलोमीटर येते. ताशी ८०० किलोमीटर वेगाने ते दीड तासाच्या आत संपावयास हवे. परंतु वेळापत्रकात दोन तासांहून अधिक अवधी दिलेला असतो. धावपट्टीपर्यंत संथ गतीने जाणे, उंची गाठणे, उतरण्यासाठी आपली पाळी येण्याची वाट पाहणे, हे सारे त्यात धरलेले असते. मोकळ्या आकाशातही केवळ अंतरावरून वेळ ठरत नाही, तर डोंगराळ मुलखात तो कसा ठरावा?

भोर आणि वेल्हे या गावांमधील सरळ अंतर सुमारे २७ किलोमीटर आहे. नसरापूरमार्गे वळसा घेणाऱ्या रस्त्याने ते दीडपटीहून अधिक होते. तोरणा व राजगड हे किल्ले तर एकमेकांस स्पष्ट दिसतात. त्यांच्यामधील सुमारे ७ किलोमीटर जेट विमान अर्ध्या मिनिटात ओलांडील. डोंगरधारेने चालणाऱ्यास पाच-सहा तास लागतात. भाटघर जलाशयाच्या काठी निराळीच अडचण आहे. समोरच्या तीरावरील घरे नजरेच्या टप्प्यात असतात, पण होडी नसेल तर पाण्याला वळसा घालूनच तेथे पोहोचावे लागते.

हा भेद केवळ भूगोलाच्या तासापुरता नाही. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ अन्वये केंद्र शासनाने केलेल्या २०१० च्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर व सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर ही मर्यादा आहे, आणि ती चालण्याच्या अंतराची आहे. दरडी, पूर किंवा रस्त्याचा अभाव यांमुळे वाट मुलांना धोक्याची असेल, तेथे ही मर्यादा कमी करून शाळेची जागा ठरवावी, असेही त्यांत म्हटले आहे. नकाशावर पट्टी ठेवून काढलेला एक किलोमीटर या कसोटीस उतरत नाही. एखाद्या वाडीची शाळा जवळच्या शाळेत मिळविण्याचा प्रस्ताव येतो, तेव्हा कागदावरील आकडा कोणत्या रीतीने मोजला, हे ग्रामपंचायत सदस्यांनी प्रथम विचारावे.

मोजणी अवघड नाही. शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांकडून दोन वाड्यांचे सरळ अंतर नकाशावरून काढून घ्यावे. नंतर मोठ्या माणसांसोबत तीच वाट चालून लागलेली मिनिटे लिहून ठेवावीत. प्रौढाच्या चालीवरून लहान मुलाचा वेळ धरू नये. नोंद उन्हाळ्यात एकदा व ओढे भरल्यावर, सुरक्षित असेल तेव्हाच, पुन्हा एकदा घ्यावी. पावसाळ्यात वाट अजिबात बंद राहत असेल, तर वेळेच्या रकान्यात तसेच लिहावे.