कल्हई गेलेला फ्यूज बॉक्स



आयटीआयचा अभ्यासक्रम पुरा करून धुळे-जळगाव महामार्गावरच्या गॅरेजमध्ये ट्रकच्या वायरिंगचे काम शिकू लागलेल्या उमेदवाराला पहिल्याच पावसाळ्यात वारंवार तोंड द्यावे लागते ते गंजलेल्या फ्यूज बॉक्सला. त्याची कारणे आणि दुरुस्तीची रीत त्याच्याजवळ लिहिलेली असावी, यासाठी हे पत्र.

फ्यूज हा विजेच्या मार्गात जाणूनबुजून ठेवलेला नाजूक दुवा होय. मर्यादेबाहेर प्रवाह वाहू लागला की त्याची पट्टी वितळते, मार्ग तुटतो आणि पुढची तार जळण्यापासून वाचते. मात्र फ्यूजला कळतो तो केवळ प्रवाह. गंजलेल्या जोडात रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, वाढतो. त्यामुळे प्रवाह किंचित घटतोच, आणि तरीही तो जोड तापत जातो, कारण १८४१ मध्ये ज्यूल या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवून दिल्याप्रमाणे उष्णता ही प्रवाहाच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात निर्माण होते. २४ व्होल्टच्या ट्रकमध्ये ७० वॅटचे दोन हेडलाइट मिळून सुमारे ६ अँपिअर प्रवाह घेतात असे धरले आणि तो फ्यूज धरून ठेवणाऱ्या ज्या चिमट्यातून जातो तेथे गंजाने पाव ओहम रोध तयार झाला, तर सुमारे दीड व्होल्ट तेथेच खर्ची पडतो, नखाएवढ्या जागेत ९ वॅटच्या आसपास उष्णता कोंडते, दिव्यांचा उजेड जवळजवळ पाचव्या हिश्शाने उतरतो आणि ८ अँपिअरचा फ्यूज मात्र शाबूत राहतो. १२ व्होल्टच्या टेम्पो-पिकअपमध्ये तेवढ्याच वॅटसाठी दुप्पट प्रवाह लागत असल्याने तेवढाच रोध चौपट उष्णता देतो. ‘फ्यूज तर चांगला आहे’ असे म्हणून झाकण लावणाऱ्या कारागिराच्या नजरेतून नेमके हेच निसटते, आणि पुढे लळिंगच्या घाटात किंवा कोंडाईबारीच्या वळणावर भर रात्री दिवे मालवतात.

खानदेशात हा गंज येतो कोठून, हे समजले तर दुरुस्ती टिकते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, त्या उन्हात समोरच्या काचेभोवतीचे रबर वाळून चिरते, आणि जूनचा पाऊस त्याच चिरांतून डॅशबोर्डमागे झिरपतो. म्हणजे उन्हाळ्याने केलेली हानी पावसाळ्यात दिसते. ओलसर जोडातून वीज वाहत राहिली की धन बाजूचे तांबे हळूहळू विरघळते, म्हणून बॅटरीकडून येणाऱ्या बाजूची टर्मिनले आधी तपासावीत. खताच्या गोण्या वाहणाऱ्या गाड्यांत हमालांच्या पायांबरोबर केबिनमध्ये आलेली धूळ अधिक घातक असते, कारण खतातील क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात आणि त्यातील अमोनिया तांब्याला खातो, तर पितळेला तडे पाडतो.

धुळ्याजवळचे सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि भांड्याला आतून कल्हई का लावतात हे त्या परिसरातल्या मुलाला निराळे सांगावे लागत नाही. कल्हई म्हणजे कथिलाचा पातळ थर. चांगल्या प्रतीच्या फ्यूज बॉक्समधील पितळी टर्मिनलांवर हाच थर असतो आणि त्याचे काम तेच असते: आतला धातू हवेपासून व आंबट द्रव्यापासून झाकणे. म्हणून हिरवे कीट दिसताच खरखरीत पॉलिश पेपरने टर्मिनल पिवळेधमक होईपर्यंत घासणे हा या कामातला मोठा प्रमाद होय. त्या दिवशी दिवा लख्ख लागतो, परंतु कल्हई गेल्यामुळे पुढच्या पावसात कीट दुपटीने धरते.

तपासणीसाठी केवळ टेस्ट लॅम्पवर विसंबू नये. त्याचा छोटा बल्ब इतका कमी प्रवाह घेतो की गंजलेल्या जोडातूनही तो पेटतो आणि जोड ठीक असल्याचा भास होतो. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून, हेडलाइट चालू असताना, एक टोक फ्यूजच्या अलीकडच्या टर्मिनलवर आणि दुसरे पलीकडच्या टर्मिनलवर टेकवावे. निरोगी जोडात व्होल्टचे काही शतांशच दिसतात, तर एकदशांश-दोनदशांश व्होल्ट किंवा त्याहून अधिक दिसल्यास दोष तेथेच आहे असे समजावे. हीच चाचणी पुढे टप्प्याटप्प्याने तारेवर आणि शेवटी अर्थच्या जोडावर, म्हणजे तार जेथे चॅसिसला कसलेली असते तेथे, करावी. अर्थकडे दुर्लक्ष करून फ्यूज बॉक्सच बदलल्याने मालकाचे पैसे वाया गेल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

काम सुरू करताना बॅटरीची ऋण बाजू आधी सोडावी, कारण ती चॅसिसला जोडलेली असल्याने पाना पत्र्याला लागला तरी ठिणगी पडत नाही. प्रत्येक तारेला क्रमांकाची चिठ्ठी बांधावी आणि मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. जुन्या गाड्यांतील चिनी मातीच्या दांडीचे फ्यूज रंगाने ओळखतात: पांढरा ८, तांबडा १६, निळा २५ अँपिअरचा. नव्या पात्याच्या फ्यूजमध्ये मात्र तांबडा १० आणि निळा १५ चा असल्यामुळे दोन्ही पद्धतींची सरमिसळ होऊ देऊ नये. किटासाठी मऊ पितळी ब्रश पुरतो, आणि आम्लाचा पांढरट थर असेल तर खाण्याच्या सोड्याचे पाणी, मग स्वच्छ पाणी, मग पूर्ण वाळवणे. जो चिमटा तापून लाल-काळा पडला आहे आणि ज्याची पकड ढिली झाली आहे, तो कितीही उजळला तरी निकामीच असतो, कारण उष्णतेने त्यातील लवचिकपणा गेलेला असतो; तो बदलावा.

तारेच्या बाबतीत धीर अधिक लागतो. पाणी आवरणाच्या आतून तांब्याच्या धाग्यांमधून वर चढते, त्यामुळे टोकाचे काळे तांबे कापल्यावर आतही काळेच निघते. चकाकते तांबे दिसेपर्यंत कापत जावे, आणि ते दिसलेच नाही तर पूर्ण तार बदलावी. नवी तार जुनीइतकीच जाड घ्यावी, तिच्या टोकाला बसवायचा लग तिच्या मापाचा निवडून क्रिंपिंगच्या पकडीने दाबावा, आणि त्यावर आतून डिंक असलेली, तापवल्यावर आक्रसणारी नळी चढवावी. डाग दिलेला जोड वाईट नसतो, परंतु वितळलेले कथील धाग्यांमध्ये शिरून तारेचा तेवढा भाग ताठ करते आणि ट्रकच्या थरथरीने ती नेमकी तेथेच तुटते. पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड तर खानदेशच्या उन्हात टिकतच नाही. टेपचा डिंक ओघळतो आणि त्यावर धूळ बसते.

सर्वांत कठीण प्रसंग तांत्रिक नसतो. केळी भरून रावेरहून निघालेल्या ड्रायव्हरला पहाटेपूर्वी बरेच अंतर कापायचे असते, आणि तो विनवतो की फ्यूजवर तारेचा एक धागा गुंडाळून द्यावा किंवा बॅटरीवरून लाइन डायरेक्ट करावी. त्याची घाई खरी असते, त्याच्यावर रागावू नये. परंतु त्याच केबिनमध्ये तो आणि क्लीनर झोपतात, परतीला मागे कापसाच्या गाठी असू शकतात, आणि डायरेक्ट केलेल्या तारेला तापण्यापासून अडवणारे काहीच उरत नाही, हे त्याला शांतपणे, ‘भाऊ’ म्हणून, समजावावे. तात्पुरती सोय करायचीच असेल, तर योग्य अँपिअरचा फ्यूज सुट्या होल्डरमध्ये घालून ती बॅटरीजवळच द्यावी आणि कायमचे काम बाकी असल्याचे बिलावर लिहावे.

दुरुस्तीनंतर काचेचे रबर बदलल्याशिवाय गाडी सोडू नये, आणि बॉक्समध्ये शिरणाऱ्या तारांना खाली एक झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जाते. टर्मिनलांवर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवावा. मग दिवे, वायपर, हॉर्न सारे चालवून वीस मिनिटे थांबावे, फ्यूज बॉक्सवर तळहात ठेवावा, आणि कोठे ऊब लागली तर तेथे मीटर पुन्हा टेकवावा. झाकणाच्या आतल्या बाजूला कोणता फ्यूज कशाचा आणि किती अँपिअरचा याची मराठी-हिंदीत तक्ती चिकटवावी. पळासनेरच्या पुढे मध्य प्रदेशात रात्री झाकण उघडणाऱ्या अनोळखी कारागिराला ती वाचता आली पाहिजे.