वरचं बरड

बुलढाणा

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

चिखलीच्या लग्नात, पंगतीत, तुझा मावसभाऊ माझ्या कानाशी लागला. "मामा, बाळू गोल्फ क्लबाच्या मेंबरशिपसाठी बँकेत कर्ज मागून राहिला." घास हातातच राहिला. फोन करणार होतो, पण फोनवर मी ओरडतो आणि तू 'हो मामा, हो मामा' म्हणून ठेवून देतोस. म्हणून पत्र. खरं आहे काय रे हे? काहून?

खेळू नकोस असं मी कोणत्या तोंडानं सांगू? तुझ्या हातात पहिली काठी मीच दिली. मी कर्जाचं बोलतोय. बँकेची जीप दिसली की आबा मागच्या दारानं वावरात निघून जायचे, हे तू तुझ्या डोळ्यांनी पाहिलंस.

आणि १८ होल, ७ हजार यार्ड असल्याशिवाय तो गोल्फच नव्हे, हे कोणी भरवलं तुझ्या डोक्यात? सेंट अँड्र्यूजला आधी २२ होल खेळायचे. १७६४ मध्ये काही आखूड होल एकमेकांत मिळवले, १८ उरले, आणि जगानं तीच रीत धरली. १८६० ची पहिली ओपन प्रेस्टविकला झाली ती १२ होलांच्या मैदानावर, एका दिवसात ३ फेऱ्या मारून. पार ७२ असलं तर त्यात ३६ फटके पटरचे धरलेले असतात, होलाला दोन. म्हणजे अर्धा खेळ खळ्याएवढ्या जागेतला. त्याला कर्ज कशाला लागतं?

तू राहतोस पनवेलला. खारघरचं सिडकोचं मैदान तुझ्या उंबऱ्यावर. तेही सुरुवातीला ११ होलांचंच होतं. त्या दिवसाची फी भरायची, खेळायचं, घरी यायचं. मेंबर कशाला व्हायला पाहिजे? सूनबाईला विचारलंस का? की तिलाही माझ्यासारखं पंगतीतच कळणार?

आमच्या छावणीचं मैदान ९ होलांचं. हिरवळ नव्हतीच. तेल घालून दाबलेली वाळू, तिला ब्राऊन म्हणत. साहेबांचं पटिंग झालं की ती ओढून पुन्हा सपाट करणं ही माझी ड्युटी. पुढे मलाही खेळू देऊ लागले. ५ काठ्यांत माझं झकास चाललं होतं. मग बदली झालेल्या एका साहेबांचा अख्खा सेट विकायला निघाला. १४ काठ्या, चामड्याची बॅग. मी घेतला. त्या दिवाळीला घरी मनिऑर्डर गेली नाही. तुझी आई तेव्हा दहावीत होती. फॉर्मची फी भरायची राहिली, आणि मग राहिलीच. तुला ती हे कधी सांगायची नाही, माझी बहीण आहे ना. त्या १४ मधल्या ९ काठ्या मी बॅगेबाहेर कधी काढल्या नाहीत.

सही झाली का कर्जावर? तेवढं आधी कळव. झाली असेल तरी कळव, मी ओरडणार नाही. आपण बसून बघू. तुझा मावसभाऊ तसा पंगतीत काहीही बोलतो, हे मलाही माहीत आहे. वर दोन ओळी खोडल्यात, त्या उजेडात धरून वाचू नकोस.

आपलं वरचं बरड तुला आठवतं? तिथं सोयाबीन कधी धड आलं नाही. यंदा सोंगणी उरकल्यावर मी त्यात ३ होल खणले. ४ इंची पाइपाचे तुकडे बसवले. नियमातला सव्वाचार इंच भरत नाही, पण बॉल मावतो. ट्रॅक्टरवाल्याकडून जळकं ऑइल आणून ब्राऊनही केलं. गावातली पोरं विचारतात, सुभेदार इथं काय पेरून राहिले?

परवा तुझी आई डबा घेऊन आली होती. काही न बोलता तिनं पटर उचलला, पदर खोचला, आणि पहिल्याच फटक्यात बॉल आत. वर म्हणते, एवढंच आहे होय!

संक्रांतीला या दोघंही. येताना जुने बॉल आण, नवे नको, इथं दगडांनी सोलून निघतात.

तुझा मामा