मुलांसाठी नको, मुलांना धरून

अगं बयो,

रविवारी सावलीहून परतताना एस.टी.त खिडकीशी बसले आणि मंजुसर मागे पडलं तरी तुझंच बोलणं डोक्यात घोळत होतं. “ताई, बेचाळिसाव्या वर्षी नवीन काय करणार? पण हेही आता होत नाही गं,” असं म्हणालीस आणि लगेच चहा गाळायला उठलीस. विषय टाळायचा असला की कामाला उठायची तुझी सवय लहानपणापासूनची. म्हणून तेव्हा गप्प बसले. आता हातातलं ठेव आणि ऐक.

‘हे’ म्हणजे शिकवण्या, होय ना? मायक्रोबायोलॉजीची बी.एस्सी. आपल्या सयाजीराव विद्यापीठाची. लेकीच्या वेळी लॅबची नोकरी सोडलीस, ती सुटलीच. आता लेक नववीत, चिरंजीव सहावीत, आणि तू दहा वर्षं ओटीवर तेच ते अपूर्णांक सोडवून घेतेयस. तू बोटांवर तीन गोष्टी मोजल्यास: बी.एड. करावं, एकट्या राहणाऱ्या कामगारांना डबे द्यावेत, नाहीतर पुन्हा लॅब. आणि प्रत्येक बोटाला एकच शेपूट जोडलंस, “मुलांसाठी बरं पडेल.”

तिथेच मी दचकले. कारण ते वाक्य माझं आहे.

मी एका शाळेच्या ऑफिसात नऊ वर्षं फीच्या पावत्या फाडल्या. का, तर पोराला सुट्टी तेव्हा मला सुट्टी. कामात जीव नव्हता. तो कंटाळा रोज पिशवीतून घरी यायचा. पोरगा बारावीत असताना एकदा पुस्तक मिटून क्रिकेट बघत बसला आणि माझा तोल गेला. “तुझ्यासाठी त्या खुर्चीत आयुष्य घालवलं मी!” तो शांतपणे म्हणाला, “आई, मी कधी सांगितलं होतं?” रात्रभर राग राग झाला. सकाळी भांडी लावताना कळलं, त्याचं खरं आहे. मुलांसाठी म्हणून पत्करलेल्या नावडत्या कामाचं बिल आपण कधी ना कधी मुलांच्याच नावावर फाडतो.

म्हणून सांगते, मुलांसाठी काम निवडू नकोस, मुलांना धरून निवड. त्यांच्या वेळा, परीक्षा, आजारपणं हिशेबात धर. काम मात्र तुझ्या जिवाला रुचणारं असू दे.

मी सेहेचाळिसाव्या वर्षी संगणकावर हिशेब ठेवायचं टॅली शिकायला गेले. वर्गातली पोरं मला ‘मासी’ म्हणायची आणि माऊस कसा धरायचा ते दाखवायची. पहिल्या महिन्यात दोनदा रडले. पण नऊ वर्षं पावत्या फाडून पैशाचा मेळ घालायची सवय हातात बसली होती. संगणकाचं ते एक कोडं सुटल्यावर बाकी सगळं ओळखीचंच निघालं. आज चार दुकानांचे जीएसटीचे हिशेब माझ्याकडे आहेत. सगळं पुसून पहिल्यापासून सुरू केलं असतं, तर टिकले नसते.

उशीर झाला म्हणतेस. हिंगण्याच्या आश्रमाच्या पार्वतीबाई आठवले १८७० च्या जन्मलेल्या, तरुणपणीच विधवा झालेल्या, पदरी एक मुलगा. त्या १९१८ साली अमेरिकेला गेल्या, इंग्रजी शिकायला आणि संस्थेसाठी पैसे उभे करायला. वय मोज. पण थोरामोठ्यांची उदाहरणं दिली की तुला जांभई येते, म्हणून घरचंच सांगते.

सावलीत मराठा सरदार पिलाजीराव गायकवाडांच्या समाधीपाशी आपण दोघी बसलो होतो, आठवतं? १७३२ साली डाकोरला त्यांचा घात झाला आणि अग्निसंस्कार सावलीत. त्या काळात आपली माणसं इकडे गुजरातेत आली ती घोड्यावरून, तलवार घेऊन. पुढच्या पिढ्यांनी तलवार खुंटीला टांगून दरबारात कारकुनी केली, शाळांतून शिकवलं, आखाडे चालवले. आता त्याच सावलीत दिल्ली मेट्रोचे डबे तयार झाले. बडोद्याच्या मराठी माणसाने दर दोन पिढ्यांनी पोटाची विद्या बदललीय. आपल्याला एकाच जन्मात बदलायची, एवढाच फरक.

आणि बायकांचं? बडोद्याच्या महाराणी चिमणाबाईंनी १९११ साली एका सहलेखकाबरोबर हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. परदेशातल्या बायका काय काय कामं करतात आणि त्यातलं आपल्याकडे काय जमेल, याचा विचार त्यात आहे. त्यांच्याच नावाचं स्त्री उद्योगालय १९१४ मध्ये बडोद्यात निघालं. आपली आजी चाळिशीत, तीन लेकरं घरी ठेवून, तिथे शिवण शिकायला जायची. ‘करिअर’ हा शब्द तिने ऐकलाही नव्हता. आपल्या हाताची टीप सरळ येते, एवढं तिला ठाऊक होतं, आणि तेवढ्यावर तिने घर चालवलं.

तुझ्या हाताची टीप कुठे सरळ येते, ते मी रविवारी पाहिलं. शेजारच्या बेन बुरशी आलेली लोणच्याची बरणी घेऊन आल्या. तू चमचा टाकून पाव तास उभी राहिलीस. मीठ किती, फोडी किती वाळल्या, बरणीत ओल राहिली का, तेल वर आलं होतं का. लेक अभ्यास सोडून ऐकत होती. बी.एड.बद्दल बोलताना तुझा आवाज असा नव्हता गं.

मग ती तीन बोटं बाजूला ठेव आणि चौथं मोज. लॅब आणि स्वयंपाकघर यांच्या मधलं काम: अन्नाची सुरक्षितता, गुणवत्ता. अन्न बनवून विकणाऱ्यांना ते कुणीतरी सांभाळणारं लागतंच. सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, म्हणजे एफएसएसएआयचं, ‘फॉस्टॅक’ प्रशिक्षण असतं, एका दिवसात होणारं. तिथून चव घे. आवडलं तर इग्नूचा अन्नसुरक्षा आणि गुणवत्ता व्यवस्थापनाचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, घरून करता येतो. इग्नूचे प्रवेश वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत. तुझी पदवी त्यात बसते का, ते माहितीपत्रकात नीट वाच. सरकारी जागेच्या मागे लागलीस, तर जाहिरातीत आधी वयाची अट बघायची, मग पगार.

मी सांगितलं म्हणून उडी मात्र मारू नकोस. आधी कागदावर आठवडा मांड. बी.एड. आता दोन वर्षांचं आहे, रोजची हजेरी. मध्ये लेकीची दहावी येते. जमेल की नाही ते तो कागदच सांगेल. मग त्या कामातल्या दोन बायकांना गाठ आणि “घरी किती वाजता पोचता? हातात किती येतात?” हे दोनच प्रश्न विचार. बाकीचं त्या आपणहून सांगतील.

पैशाचं ऐक. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय शिकवण्या पूर्ण बंद करायच्या नाहीत. दहावीची एक तुकडी ठेव. लेकीच्या सुकन्या खात्याचे हप्ते चालूच राहतील, नवी फी त्यातून काढायची नाही.

घरातलं जास्त अवघड. जावईबापू “मी करीन गं मदत” म्हणतील, खरंच मनापासून. पण मदतीला पाय फुटतात. नेमकं काम दे: सकाळपाळी असेल त्या आठवड्यात संध्याकाळचा कुकर त्यांचा, पोराचा गृहपाठ त्यांचा. सासूबाईंना शेवटी कळवू नकोस, पहिल्यांदा विचार. शेवटी कळलं तर त्या नकार देतील, आधी विचारलंस तर सल्ला देतील. आणि मुलांना खरं सांग. “तुमच्या भल्यासाठी” नको. “मला हे करायचंय, सहा महिने तुमचे कपडे तुम्ही घडी घाला, कधी रात्री खिचडीवर भागवावं लागेल,” एवढं पुरे. पोरांना त्याग ऐकवला की ती ओशाळतात. काम वाटून दिलं की मोठी होतात. माझं हे उशिरा सुचलेलं शहाणपण आहे, तू लवकर वापर.

आता मुद्द्याचं. माझ्या हिशेबातल्या एका फरसाणवाल्याच्या पाकिटांत पावसाळ्यात ओल धरते, माल परत येतो. मी त्याच्याशी तुझ्याबद्दल बोललेय. गुरुवारी तू बडोद्याला ये, त्याचं तळण, निथळण, पॅकिंग सगळं बघ. जमलं तर पुढचं शिकायचं, नाही जमलं तर एक दिवस गेला.

पण येण्याआधी एक आकडा ठरव. त्या बेनना पाव तास फुकट दिलास, तो शेजारधर्म झाला. हा धंदा आहे. त्याने “किती घ्याल, बेन?” विचारलं आणि तू “द्या तुम्हाला योग्य वाटेल ते” म्हणालीस, तर नंतर आपण शेव-उसळ खायला जाऊ त्याचे पैसे तू द्यायचे. आणि मी दोन प्लेट खाईन.

तुझी,
ताई