काटेकोर शेतीचे प्रशिक्षण

प्रस्तावना

शेती ही वडिलांच्या मागे नांगराच्या तासातून चालत शिकायची विद्या आहे, तिला पुस्तकाची गरज नाही, असा समज आपल्या समाजात फार जुना आहे. तो सर्वस्वी चुकीचाही नाही. परंतु गेल्या पंचवीस-तीस वर्षांत उपग्रहाच्या साह्याने स्थान सांगणारी यंत्रे, जमिनीतील ओल मोजणारे संवेदक आणि पिकावरून उडणारे ड्रोन शेताच्या बांधापर्यंत येऊन पोहोचले. ही साधने हाताळणारी माणसे कोणते शिक्षण घेतात आणि त्यांच्या वाट्याला कोणते काम येते, याचा परिचय प्रस्तुत पाठात करून दिला आहे.

मूळ पाठ

पिकाला हवे ते, हवे तेथे, हवे तेव्हा आणि हवे तेवढेच देणे, याला काटेकोर शेती असे म्हणतात. ही कल्पना शेतकऱ्याला परकी नाही. आपल्या शेताचा कोणता कोपरा चोपण आहे, कोठे पाणी साचते, कोणत्या उतारावरची माती वाहून गेली आहे, हे त्याला पाठ असते. मोठी यंत्रे आली, शेकडो एकरांचा एकच तुकडा कसला जाऊ लागला, तेव्हा अमेरिकेसारख्या देशांत हे ज्ञान हरवले. सगळ्या शेताला एकाच मापाने खत घातले जाऊ लागले. हरवलेले ते ज्ञान यंत्राच्या साह्याने परत मिळवण्याच्या प्रयत्नातून हे नवे शास्त्र उभे राहिले.

त्याचा पाया म्हणजे स्थाननिश्चिती. अमेरिकेच्या जीपीएस या उपग्रह यंत्रणेच्या नागरी संकेतात पूर्वी मुद्दाम चूक मिसळलेली असे, त्यामुळे दाखवलेली जागा शंभर मीटरपर्यंत चुकू शकत असे. मे २००० मध्ये ही मिसळ बंद करण्यात आली आणि चूक काही मीटरांवर आली. तरीही पेरणीची ओळ आखण्यासाठी एवढी अचूकता पुरत नाही. त्यासाठी ज्याचे स्थान आधीच ठाऊक आहे अशा ठिकाणी दुसरे यंत्र उभे करून दुरुस्तीचा संदेश घ्यावा लागतो. मग चूक दोन-तीन सेंटिमीटरांपर्यंत खाली येते. प्रशिक्षणार्थीला सर्वप्रथम शिकवावी अशी गोष्ट हीच आहे, की प्रत्येक यंत्र चुकते, आणि ते किती चुकते हे ठाऊक असल्याशिवाय त्याचा आकडा वापरता येत नाही.

भारतात प्रश्नाचे रूप वेगळे आहे. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील सरासरी धारणक्षेत्र १.०८ हेक्टर होते. येथे एका शेताचे तुकडे पाडण्याचे कारण नाही. शेते मुळातच तुकड्यांची आहेत. २०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत बागायती भागात अडीच हेक्टरांच्या व कोरडवाहू भागात दहा हेक्टरांच्या चौकटीतून मातीचा एक नमुना घेण्याची पद्धत ठरवण्यात आली. म्हणजे एका नमुन्यावरून अनेकांच्या शेतांचा निर्णय होणार. असा नमुना बांधालगतचा, झाडाखालचा किंवा शेणखताच्या ढिगाशेजारचा घेतला गेला, तर पुढची प्रयोगशाळा कितीही अद्ययावत असली तरी अहवाल व्यर्थ ठरतो. नागमोडी चालत जागा निवडणे, व्ही आकाराचा खड्डा घेणे, सर्व माती एकत्र कालवून तिचे चार भाग करणे व समोरासमोरचे दोन भाग टाकून देणे, ही कामे दिसायला साधी आहेत. काटेकोरपणा मात्र तेथेच सुरू होतो.

तंत्रज्ञान लहान शेतकऱ्यांपर्यंत नेण्याचा एक महत्त्वाचा प्रयोग तमिळनाडूत झाला. धर्मपुरी आणि कृष्णगिरी या अवर्षणप्रवण जिल्ह्यांत तमिळनाडू कृषी विद्यापीठाने २००४ ते २००७ या काळात ४०० हेक्टरांवर काटेकोर शेतीचा प्रकल्प राबवला. त्यात ड्रोन नव्हते. जमिनीखालचा कठीण थर फोडणारा नांगर, ट्रेमध्ये वाढवलेली रोपे, ठिबक सिंचन आणि त्यातूनच दिलेली विद्राव्य खते यांवर भर होता. अनुदान वर्षागणिक कमी करत नेले गेले आणि शेतकऱ्यांचे संघ बांधले गेले, जेणेकरून मालाची विक्री त्यांना एकत्रितपणे करता यावी. विद्यापीठाचे शास्त्रज्ञ वेळोवेळी शेतावर येत, आणि पहिल्या वर्षी शिकलेला शेतकरी पुढच्या वर्षी शेजाऱ्याला शिकवी. प्रशिक्षणाचा हा प्रकार कोणत्याही प्रमाणपत्रात मावणारा नाही.

पाठगत प्रश्न
१. जीपीएसच्या अचूकतेत मे २००० नंतर कोणता बदल झाला?
२. मातीचा नमुना बांधालगत का घेऊ नये?

आज या क्षेत्रात सर्वाधिक चर्चा आहे ती ड्रोनची. ड्रोनवरचा विशिष्ट कॅमेरा दोन प्रकारचे प्रकाश टिपतो. निरोगी पान प्रकाशसंश्लेषणासाठी तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणावर परत पाठवते. या दोहोंच्या तुलनेतून पिकाच्या तजेल्याचा नकाशा तयार होतो. नकाशावर फिकट दिसलेला भाग नत्राअभावी तसा आहे, की मुळाशी पाणी साचले म्हणून, की कीड लागली म्हणून, हे मात्र कॅमेरा सांगत नाही. तो कोठे एवढेच दाखवतो. का, हे पाहण्यासाठी तंत्रज्ञाला तेथवर चालत जावे लागते आणि पान उलटून पाहावे लागते. म्हणूनच केवळ संगणक जाणणारा मनुष्य या कामास अपुरा पडतो.

फवारणीचे काम अधिक जोखमीचे आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर दगावले. ड्रोनमुळे फवारणारा माणूस औषधाच्या तुषारांपासून दूर उभा राहतो, हा त्याचा खरा लाभ आहे. पण हिशेब बदलतो. हातपंपाने एका एकराला २०० लिटर पाणी लागत असेल आणि मात्रा लिटरला २ मिलिलिटर असेल, तर एकरी ४०० मिलिलिटर औषध पडते. ड्रोनला एकरी सुमारे १० लिटर पाणी पुरते. तेवढेच औषध त्यात मिसळायचे, तर लिटरला ४० मिलिलिटर घालावे लागेल. जुन्या सवयीने २ मिलिलिटरच घातले, तर एकराला अवघे २० मिलिलिटर मिळेल आणि कीड तशीच राहील. शिवाय टाकी भरणाऱ्याच्या हाताशी आता वीसपट तीव्र द्रावण असते. हातमोजे आणि मुखपट्टी त्यालाच अधिक आवश्यक. शिवाय अशा फवारणीसाठी मान्यता असलेलीच औषधे वापरावी लागतात. त्रैराशिक शाळेत कंटाळवाणे वाटते, ते येथे पिकाचे आणि माणसाचे भवितव्य ठरवते.

या कामासाठी लागणारी पात्रता फार मोठी नाही. ड्रोन नियम, २०२१ नुसार दूरस्थ वैमानिकाचे प्रमाणपत्र मिळवण्यासाठी उमेदवाराचे वय १८ ते ६५ वर्षे असावे, तो मान्यताप्राप्त मंडळाची दहावी उत्तीर्ण असावा आणि त्याने नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने अधिकृत केलेल्या संस्थेत प्रशिक्षण पूर्ण केलेले असावे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने संमत केलेल्या योजनेत १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देण्याचे ठरले. किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये साह्य आणि निवडलेल्या सदस्येला १५ दिवसांचे प्रशिक्षण अशी तिची रचना होती. त्यांतील पाच दिवस उड्डाणासाठी, दहा दिवस खते व कीटकनाशके फवारण्याच्या अभ्यासासाठी. ज्या स्त्रीने संसारामुळे शाळा अर्ध्यावर सोडली, तिच्यासमोर हे दार उघडते की बंद राहते, हे दहावीच्या एका कागदावर अवलंबून आहे.

पुढे शिकू इच्छिणाऱ्यांना कृषी पदविका, कृषी पदवी किंवा कृषी अभियांत्रिकी असे मार्ग आहेत. महाराष्ट्रात राहुरी व परभणी येथील कृषी विद्यापीठांनी या तंत्रज्ञानावर संशोधन व प्रशिक्षणही केले आहे.

प्रमाणपत्र मिळाले म्हणजे चरितार्थाची सोय झाली, असे मात्र नाही. फवारणीचा हंगाम काही महिन्यांचाच असतो. ड्रोनची बॅटरी भरलेली टाकी घेऊन काही मिनिटेच टिकते, म्हणून जास्तीच्या बॅटऱ्या आणि त्या भारित करण्याची सोय बरोबर न्यावी लागते. खेड्यातील वीज बेभरवशाची असेल तर दिवस वाया जातो. सुटा भाग बिघडला आणि तो जवळच्या गावात मिळाला नाही, तर ऐन हंगामात यंत्र उभे राहते. त्यामुळे उड्डाणाबरोबर दुरुस्ती शिकलेला, एरवी मातीचे नमुने घेणारा आणि ठिबकच्या नळ्यांची देखभाल करणारा तंत्रज्ञ गावात अधिक टिकतो. वरील योजनेतही गटातील किंवा कुटुंबातील एका व्यक्तीला सहायक म्हणून शिकवण्याची तरतूद होती, ती याच कारणासाठी. निवड करताना विजेच्या उपकरणांची दुरुस्ती करण्याची आवड असलेल्यांना प्राधान्य द्यावे, असे तीत सुचवलेले होते.

पाठगत प्रश्न
३. पिकाच्या तजेल्याचा नकाशा कोणती गोष्ट सांगू शकत नाही?
४. औषधाची मात्रा लिटरला दीड मिलिलिटर आणि हातपंपाचे पाणी एकरी २०० लिटर असल्यास, ड्रोनच्या १० लिटर पाण्यात किती औषध मिसळावे लागेल?