कथेतलं वर्णन : किती, कुठे आणि कोणासाठी?

गेल्या वर्षी याच मासिकासाठी मी एक कथा लिहायला घेतली होती. माझी आजी गेली त्या रात्रीची. सहा फुलस्केप पानं झाली आणि त्यातली पहिली दीड पानं नुसती पावसाची होती. काळेभोर ढग, विजांचा लखलखाट, पत्र्यावर ताशा वाजावा तसा आवाज, ओल्या मातीचा सुगंध… काही म्हणजे काही सोडलं नव्हतं! रूममेटला वाचायला दिली. ती कॉटवर पडून वाचत होती आणि मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिनं चार ओळी वाचल्या, पान उलटलं आणि जिथं पहिला संवाद दिसला तिथं जाऊन थांबली.

"अगं, पाऊस वाचलास का?" मी विचारलं.

"वाचला की. पडत होता ना?"

झालं! माझी दीड पानं तिनं तीन शब्दांत आटोपली. मला राग आला, पण त्याहून जास्त प्रश्न पडला. वाचकाला वर्णन नकोच असतं का? नको असेल तर मग मोठमोठ्या लेखकांची वर्णनं आपण का वाचतो? आणि हवं असेल तर किती? मी साहित्याची विद्यार्थिनी नाही, शाळाही कॉन्व्हेंट. तेव्हा हा अभ्यास म्हणजे एका इंजिनिअरिंगवालीनं केलेली खटपट आहे. चूकभूल द्यावी घ्यावी.

रोग कुठून लागला?

आधी माझं निदान. आमच्या शाळेत मराठीचे तास मोजकेच. निबंधासाठी बाईंनी शब्दांची एक यादीच दिली होती : निसर्गरम्य, नयनमनोहर, आल्हाददायक, विलोभनीय. 'पावसाळ्यातील एक दिवस' असो की 'माझी सहल', हे शब्द पेरले की मार्क मिळायचे. बाईंचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, त्या यादीमुळेच मी दहावीला मराठीत तरले. पण निबंध वाचणारा असतो पेपर तपासणारा. त्याला 'पुढं काय झालं' याची उत्सुकता नसते. कथेच्या वाचकाला नेमकी तीच असते. मी कथा लिहीत होते, पण वाचक मात्र निबंधाचा धरला होता.

पेन्सिलचा प्रयोग

मग मी कथेच्या पाच झेरॉक्स काढल्या आणि विंगमधल्या पाच जणींना दिल्या. सांगितलं, "जिथं कंटाळून उडी माराल, तिथं पेन्सिलनं रेघ ओढा. मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलू नका." सबमिशनच्या आठवड्यातही पोरींनी हे काम केलं, त्यांचे आभार!

मला वाटलं होतं, जिथं जिथं वर्णन तिथं तिथं रेघा येतील. तसं झालं नाही. पहिल्या दीड पानावर पाचही जणींच्या रेघा होत्या. पण पुढं एक भाग होता : बाबा डॉक्टरांना आणायला जीप घेऊन निघतात आणि वस्तीवरून हमरस्त्याला जाणाऱ्या वाटेवर चाकं काळ्या मातीत रुततात. चिखल कसा होता, चाक कसं जागच्या जागी फिरत होतं, चाकाखाली उसाचं पाचट टाकलं तेही कसं आत गेलं, असं मी बरंच लिहिलं होतं. तिथं एकीचीही रेघ नव्हती.

पाऊस तोच. पहिल्या पानावर तो नुसता पडत होता. चौथ्या पानावर तो डॉक्टरांना अडवत होता. म्हणजे वाचक वर्णन गाळत नाही, कथा थांबली की ती जागा गाळतो. मला या प्रयोगातून मिळालेली पहिली गोष्ट ही.

ड्रॉइंग हॉलमधला नियम

हे वाचून मला फर्स्ट इयरचं इंजिनिअरिंग ड्रॉइंग आठवलं. आपल्याला शिकवतात की वस्तू बनवायला लागणारं प्रत्येक माप शीटवर हवं. पण एकच माप दोनदा द्यायचं नाही, आणि जिथं ते सगळ्यात स्पष्ट दिसतं त्याच व्ह्यूमध्ये द्यायचं. भोकाचा व्यास टॉप व्ह्यूमध्ये दिला की फ्रंट व्ह्यूमध्ये पुन्हा लिहायचा नाही. जास्त मापं दिली की ड्रॉइंग जास्त अचूक होत नाही, उलट वर्कशॉपमधला माणूस गोंधळतो.

माझ्या पावसात 'काळेभोर ढग', 'अंधारून आलेलं आभाळ' आणि 'सूर्य झाकोळला होता' ही तीन वाक्यं लागोपाठ होती. एकच माप तीनदा! रशियन कथाकार चेकॉव्हनं १८८६ मध्ये आपल्या भावाला एका पत्रात हेच समजावलं होतं. चांदण्या रात्रीचं ठोकळेबाज वर्णन करण्यापेक्षा फुटक्या बाटलीच्या काचेवर चमकलेला एक ठिपका दाखव, रात्र आपोआप उभी राहील, असा त्याचा सल्ला. अचूक दिलेलं एक माप ते हेच.

वर्णनाला चालतं करा

लेसिंग नावाच्या जर्मन लेखकानं १७६६ मध्ये 'लाओकून' या ग्रंथात याचं कारण मांडलं आहे. चित्र एका नजरेत सगळं दाखवतं, पण शब्द एकामागून एक येतात. म्हणून शब्दांना जे एकामागून एक घडतं ते चांगलं सांगता येतं. त्यानं उदाहरण दिलं होमरचं. 'इलियड'मध्ये अकिलीसची ढाल कशी दिसते याची यादी होमर देत नाही. देवांचा लोहार ती घडवत असताना दाखवतो. आणि हेलनचं रूप? नाक-डोळे काही सांगत नाही. तटावर बसलेले म्हातारे तिला पाहून आपसांत काय बोलतात तेवढं सांगतो. ज्या बाईपायी त्यांच्या गावावर युद्ध आलं, तिला पाहून तेही नरमतात. आणखी काय सांगायला हवं?

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५). तरुण मास्तर नव्या नेमणुकीच्या गावी पायी निघालेला असतो, तिथून ती सुरू होते. माळरान, वाडी, घरं आपल्याला दिसतात ती चालत्या मास्तरच्या डोळ्यांनी. त्याला गाव माहीत नाही, आपल्यालाही नाही. त्यामुळे त्याला जे बघावं लागतं ते आपल्यालाही बघायचं असतं. शेवटी दुष्काळ पडतो आणि वाडी ओस पडते. तेव्हा आधी पाहिलेलं सगळं आठवून पोटात कालवतं. सुरुवातीला वाडी नीट दाखवली नसती, तर शेवटी काय रिकामं झालं हे कळलंच नसतं.

याच माडगूळकरांनी शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांच्याबरोबर गावोगावी कथाकथन केलं. कथाकथनात वाचकासारखं पान उलटता येत नाही. कंटाळलेला श्रोता खोकतो, चुळबुळ करतो, नाहीतर उठून जातो, आणि सांगणाऱ्याला ते समोर दिसतं. पेन्सिलच्या रेघांची ही जिवंत आवृत्तीच!

मग कमीत कमी लिहायचं का?

नाही! असा नियम काढला तर जी. ए. कुलकर्णींना नापास करावं लागेल. 'काजळमाया'तल्या (१९७२) कथांमधून वर्णन काढायला जावं तर कथाच उसवते, कारण तिथला उजाड माळ किंवा अंधार हा माणसाच्या नशिबाचाच भाग असतो. थॉमस हार्डीच्या 'द रिटर्न ऑफ द नेटिव्ह' (१८७८) या कादंबरीचं पहिलं प्रकरण म्हणजे नुसतं एक माळरान, माणसांची गोष्ट पुढच्या प्रकरणापासून. शाळेत असताना मी ते प्रकरण गाळलं होतं. या सुट्टीत पुन्हा वाचलं तेव्हा कळलं की पुढं माणसं ज्याच्याशी झगडतात तो हा माळच आहे. जागा हेच जिथं पात्र असतं, तिथं त्या पात्राची ओळख करून द्यावीच लागते.

शिवाय वाचक कोण, यावरही माप बदलतं. आमच्या श्रीरामपूरचंच घ्या. 'तो बेलापूरला उतरला आणि बाजारपेठेत चालत आला' एवढं श्रीरामपूरच्या माणसाला पुरतं. कारण दौंड-मनमाड लाईनवरच्या आमच्या स्टेशनचं नाव बेलापूर आहे हे त्याला माहीत असतं. मुंबईची मैत्रीण हेच वाक्य वाचून नवी मुंबईत पोचते! तिच्यासाठी एक ओळ जास्त लिहावी लागते. गावच्या वाचकाला तीच ओळ फुकटची वाटते.

आजोबांना काय हवं होतं

इथपर्यंत मला वाटत होतं की माझा अभ्यास पूर्ण झाला. दिवाळीच्या सुट्टीत श्रीरामपूरला गेले तेव्हा कथेतला पाऊस कापून चार ओळींवर आणला होता. वस्तीवर आजोबा होते. त्यांना काचबिंदू आहे. गेली काही वर्षं त्यांना उजेड-अंधार कळतो, चेहरे दिसत नाहीत. रोजचा पेपरसुद्धा कोणीतरी वाचून दाखवतं. म्हणाले, "काय लिहिलंस ते वाच की."

मी वाचलं. पाऊस झाला, जीप झाली, चिखल झाला. डॉक्टर पोचेपर्यंत आजी गेलेली होती, तेही वाचलं. आजोबांनी हात वर केला.

"बाळ, पाऊस कळला. चिखलही कळला. पण आजी कुठंय?"

मला आधी समजलंच नाही. मग ते एकेक विचारायला लागले. "तिचं तोंड भिंतीकडं होतं का माझ्याकडं? डोळे उघडे होते का? मी तिचा हात धरला होता, दुसरा हात कुठं होता?"

त्या रात्री ते तिच्या उशाशी बसले होते. फक्त ऐकत होते. मी समोर होते, मला सगळं दिसत होतं. आणि मी लिहिला काय, तर पाऊस! खरं सांगायचं तर मला ती खोली लिहायचीच नव्हती. खोलीबाहेर थांबता यावं म्हणून मी दीड पान पावसात उभी राहिले होते.

मग मी सांगितलं. आजीचं तोंड तुमच्याकडंच होतं. डोळे अर्धे मिटलेले होते. दुसरा हात गोधडीच्या काठावर होता आणि बोटं काठ चाचपत होती, शिवण तपासल्यासारखी. चष्मा घडी करून उशीजवळ ठेवला होता. आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गोधडी तिनंच शिवलेली. हं, वाच पुढं."

त्यांना वर्णन कमी नको होतं, जास्तच हवं होतं. फक्त मी दिलं होतं ते नव्हे.

सातशे वर्षांपूर्वीची सोय

हा प्रश्न काही माझ्यापासून सुरू झालेला नाही. श्रीरामपूर तालुक्यात गोदावरीकाठी कमालपूर आहे. महानुभाव पंथाचं डोमेग्राम ते हेच. चक्रधरस्वामींचा इथं मुक्काम होता. त्यांच्या आठवणी म्हाइंभटांनी शिष्यांकडून गोळा करून तेराव्या शतकाच्या शेवटी 'लीळाचरित्र' सिद्ध केलं. मराठीतला हा अगदी सुरुवातीचा गद्य ग्रंथ. लीळा बहुतेक लहान असतात. स्वामी कुठं होते, कोण आलं, काय बोलणं झालं, संपलं. देखाव्यासाठी कथा थांबत नाही.

पण ज्यांनी स्वामींना पाहिलं नव्हतं, त्या पुढच्या भक्तांना त्या जागांवर जायचं होतं. त्यांच्यासाठी चौदाव्या शतकात 'स्थानपोथी' हा वेगळा ग्रंथ तयार झाला. देऊळ गावाच्या कोणत्या बाजूला, दार कोणत्या दिशेला, स्वामी कुठं बसत, हे त्यात आहे. 'निसर्गरम्य' वगैरे काही नाही, नुसती दारं आणि दिशा. तरीही भक्तांनी ती पोथी पिढ्यान् पिढ्या जपली. कारण जे बघायचं राहून गेलं, ते त्यांना त्या दारांतून दिसत होतं. आजोबांनी मला हेच विचारलं होतं : तोंड कोणीकडं होतं?

लिहिताना विचारायचे प्रश्न

तर मित्रमैत्रिणींनो, पुढच्या अंकासाठी कथा लिहिणार असाल तर हे पाच प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

१. हे वर्णन चालू असताना कथा चालू आहे की थांबली आहे?

२. हेच माप मी आधी एकदा दिलं आहे का?

३. हे कोण बघतंय? त्याला या क्षणी हे बघायची गरज आहे का?

४. माझ्या वाचकाला यातलं काय आधीच माहीत आहे आणि काय मुळीच माहीत नाही?

५. हे वर्णन मी दाखवण्यासाठी लिहितेय की काहीतरी लपवण्यासाठी?

पहिले चार प्रश्न तंत्राचे आहेत, सरावानं जमतात. पाचव्यासाठी मला आजोबा लागले.

कथा मी पुन्हा लिहिली. आता तिची चार पानं आहेत. पाऊस तीन ओळींचा आहे आणि खोली एक पानभर. रूममेटला परत दिली. या वेळी तिनं एकही पान उलटून पुढं उडी मारली नाही. वाचून झाल्यावर तिनं पाऊस पडत होता का, असं काही विचारलं नाही. तिनं विचारलं, "ती गोधडी आता कोणाकडे आहे?"

आजोबांकडे आहे. थंडीत तीच घेतात.