शेळीला दाणा बेतानं

आपल्या उदगीरकडची काळी उस्मानाबादी शेळी मोठी काटक. झाडपाल्यावर जगते, बहुधा जुळी करडं देते. पण ज्वारीच्या राशीत तोंड घातलं, तर तीच शेळी एक-दोन दिवसांत दगावते.

असं का होतं? फार दाणा पोटात आंबतो. रवंथ थांबतो. शेळी दात खाते, पातळ हगते. लग्नातला उरलेला भात पोटभर घातला तरी हेच! अशा वेळी वाट पाहू नका. लगोलग जनावरांच्या डॉक्टरला दाखवा. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयच आहे.

गाभण, दुभत्या शेळीला खुराक जरूर द्या. आधी चारा, मग मूठभर भरडा. आठ-दहा दिवसांत हळूहळू पाव किलोपर्यंत वाढवा. पोती कडीकुलपात ठेवा. नुसतं लोटलेलं दार शेळी शिंगानं उघडते.